हाकेची तोड

गाडीच्या स्टिरिओला बाहेरचा प्लेअर जोडायचा, तर आधी गाडी चालू करावी. मग स्टिरिओचा आवाज शून्यावर आणावा, मग ऑक्सची वायर लावावी, आणि आवाज सगळ्यात शेवटी, बोटानं चाचपत वाढवावा. काढताना हाच क्रम उलटा. प्लेअर मांडीवर ठेवून गाडी चालवू नये, वायर गिअरपाशी लोंबू देऊ नये, आणि फ्यूज टाकल्याशिवाय बॅटरीवरून काहीही घेऊ नये. हे सगळं मी दुकानाच्या भिंतीवर तांबड्या रंगात लिहून ठेवलंय. वाचणारा माणूस पौडात अजून जन्माला यायचाय.

माझं नाव चंद्रकांत. पौडच्या एसटी स्टँडपासून चालत दोन मिनिटांवर माझं दुकान आहे आणि बावीस वर्षं मी हेच काम करतोय. बावधन-भूगावकडून जमिनींचे भाव इकडे सरकले, तसे लोकांनी गाड्या घेतल्या आणि गाडीपेक्षा मोठे स्पीकर बसवून घेतले. माझं पोट त्यावर चालतं, म्हणून मी कुणाला नावं ठेवत नाही; तोंडावर तरी नाही. पण आवाजाच्या बाबतीत मी हट्टी आहे. जे प्लेअरमध्ये आहे तेवढंच स्पीकरमधून यावं. जास्तीचं काही आलं तर तो जोडणीतला दोष, आणि दोष असला की शोधल्यावर सापडतोच. इतकी वर्षं मी असं मानत आलो.

जालिंदर आला तो एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला. जुनी जीप, पत्रा खालून कुजलेला. बाजूच्या सीटवर त्याची आई, बानूबाई. माले गावाच्या पुढं धरणाच्या अंगाला धनगरांची एक वस्ती आहे, तिथली ही माणसं. जालिंदरला मी ओळखत होतो. हिंजवडीला कंपनीच्या गाडीवर पाच वर्षं ड्रायव्हर होता, कानात सदानकदा इअरफोन, बोलण्यात निम्मे शब्द इंग्रजी. त्याचा बाप सिद्धू दिवाळीच्या आधी गेला, हेही कानावर आलं होतं.

"काका, ऑक्सचं काम हाय," तो म्हणाला. "जरा अर्जंट."

मी जीपमध्ये डोकं घातलं आणि माझं टाळकं सरकलं. बोटाएवढा एक जुना प्लेअर डॅशबोर्डावर चिकटपट्टीनं डकवलेला. त्याच्या चार्जिंगच्या वायरीची टोकं सोलून सिगारेट-लायटरच्या भोकात खुपसलेली, आणि ती निसटू नयेत म्हणून वर आगपेटीच्या काड्या ठोकलेल्या.

"हे कुणी केलं?"

"म्याच. युट्यूबवर बघून."

"झकास. जीप पेटली की काड्या आधीच हाताशी!"

बानूबाईनं हसून लेकाच्या पाठीत धपाटा घातला. "म्या सांगत हुते मुडद्याला. ऐकंल तर शप्पथ!" डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला होता, त्याची तिला काही फिकीर नव्हती. बाई तोंडानं फटकळ, पण लेकाकडं बघताना डोळ्यांत निराळंच पाणी.

काय हवंय ते जालिंदरनं सांगितलं. बापाच्या माघारी कळप कुणाचंच ऐकेना. त्रेसष्ट मेंढरं. सिद्धूच्या हाकेवर वाढलेली. दुसऱ्या कुणी हाक दिली की मान वर करून बघायची आणि पुन्हा बसायची. पाल्यावर किती दिवस काढणार? आधीच दोन जनावरं उपासानं मेली होती, ही त्रेसष्ट त्यातून उरलेली. कळप खाटकाला द्यायचा, नाही तर काहीतरी करायचं. मग जालिंदरला आठवलं, बाप आजारी पडायच्या आधी त्यानं गंमत म्हणून त्याची हाक या प्लेअरमध्ये भरून घेतली होती. ती जीपच्या स्पीकरवर लावायची, मागचं दार उघडं ठेवायचं आणि जीप हळूहळू धरणाकडं न्यायची. मे महिन्यात पाणी मागं हटलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर हिरवं गवत येतं. आमच्या भागात त्या दिवसांत हिरवं म्हणजे तेवढंच.

"मोबाइलवर का नाही वाजवत?"

"मधीच कुनाचा तरी कॉल येतोय काका. हाक तुटती आन् मेंढरं बिचकत्यात."

कल्पना मला आवडली. माणूस गेला तरी त्याचा आवाज कामाला येतो, यात वाईट काय?

मी प्लेअर चालू करणार तोच बानूबाई जीपमधून उतरली. "धन्याचा आवाज हाय त्यात. मला न्हाई ऐकवत," म्हणाली आणि रस्त्यापलीकडच्या उंबराखाली जाऊन पाठ करून बसली. ती त्या वेळी दुकानात थांबली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

इअरफोन लावून मी सगळं ऐकलं. आधी वाऱ्याची घरघर. मग एका म्हाताऱ्या माणसाचा खणखणीत आवाज, लांबवलेला, शेवटाला वर चढणारा: "हुर्रऽऽ ये-ये-ये हाऽऽऽ." मध्ये थांबा. पुन्हा हाक. पुन्हा थांबा. तिसऱ्या हाकेनंतर जिभेनं टाळूवर केलेला आवाज, तीनदा, सावकाश. टॉक्, टॉक्, टॉक्. आणि मग हलक्या आवाजात, समजूत घातल्यासारखं, "ऱ्हावा आता."

"त्ये शेवटचं उडवा काका," जालिंदर म्हणाला. "त्ये ऐकलं की मेंढरं जाग्यावर हुबी ऱ्हात्यात. मला रिपीट मोडला लावायचंय. पाच किलोमीटर चालवायचंय त्यांना."

बरोबरच होतं. मी कॉम्प्युटरवर शेवटचे अकरा सेकंद कापले आणि उरलेली हाक पुन्हा प्लेअरमध्ये टाकली. कापलेला तुकडा मात्र पुसला नाही. मी काहीच टाकून देत नाही. दुकानात खिळे-वायरींचे डबे आहेत, तसेच कॉम्प्युटरमध्येही आहेत.

मग जोडणी. लायटरच्या काड्या काढल्या, फ्यूज घालून वेगळी लाइन ओढली, प्लेअरला डॅशबोर्डावर स्टँड बसवला, वायर आतून नेली. मागं दोन स्पीकर, तोंडं बाहेर. गाडी चालू, आवाज शून्य, वायर, मग आवाज. हाक आली, पण तिच्यामागं एक घुंईऽऽ असा सूर होता. एकाच बॅटरीवरून प्लेअर चार्जही होतो आणि वाजतोही, तेव्हा असा सूर येतोच. त्यावर एक आगपेटीएवढी डबी मिळते, ती मध्ये बसवली की गुणगुण बंद. मी डबी बसवली. सूर गेला. मागं स्वच्छ शांतता राहिली.

त्या शांततेत, दोन हाकांच्या मधल्या थांब्यात, कुणीतरी "ओ" दिली.

फार लांबून आली होती. पुरुषाचा आवाज, आधी ओढलेला आणि मग खाली सोडलेला. आपण घरातून हाक मारली की शेतातला माणूस देतो तशी साधी "ओ".

मी पुन्हा वाजवलं. पुन्हा आली. इअरफोन लावून ऐकलं, तिथं नव्हती. कॉम्प्युटरवर बघितलं, तर थांब्याच्या जागी आवाजाची रेघ सरळ, आडवी, मेलेली.

"डोंगराचा पडसाद आसंल," जालिंदर म्हणाला.

पडसाद हाकेचेच शब्द परत आणतो, "ओ" देत नाही. मला हे कळत होतं. पण दुकानाबाहेर दोन गाड्या खोळंबल्या होत्या, आणि स्पीकर नवे आहेत, बसतील हळूहळू, असं मी त्याला आणि स्वतःला सांगितलं. आपल्या कामावर खूश असलेला माणूस किती पटकन बहिरा होतो!

चार दिवसांनी जालिंदरनं व्हिडिओ पाठवला. मातीचा रस्ता, पुढं जीप, आणि मागं ओळीनं सगळी मेंढरं, माना खाली घालून मुकाट चाललेली. खाली लिहिलं होतं, "काका सुपर." मी तो व्हिडिओ येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला. मेंढरांसाठी स्टिरिओ बसवणारा अख्ख्या मुळशीत मी एकटाच, म्हणून मिरवलोसुद्धा.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो पुन्हा आला, एकटाच. स्पीकरचा स्क्रू ढिला झाला होता. जीपच्या मागच्या भागात पाणी साचलं होतं आणि तिथून गाळाचा वास येत होता, विहीर उपसताना येतो तसा. बाहेर अंगाची लाही होत होती.

"मेंढरं वाढल्यात काका," तो हसत म्हणाला. "देव देतोय."

"व्याली का?"

"न्हाई. मोठीच येत्यात." मग थोडं थांबून, "भिजल्याली."

मी स्क्रू आवळला आणि तपासायला म्हणून हाक लावली. थांबा आला. "ओ" आली. पहिल्यांदा ती डोंगरापलीकडून आली होती. आता ती रस्त्यापलीकडच्या उंबराखालून यावी इतकी जवळ होती. मी वर बघितलं. उंबराखाली कुणी नव्हतं.

मी डबी बदलली. वायर बदलली. बॅटरीची जोडणी खरवडून पुन्हा केली. स्टिरिओ बाहेर काढून त्याचं पोट उघडलं. दोन तास घालवले. दोष कुठंच नव्हता. इतकी चोख जोडणी माझ्या हातून क्वचितच झाली असेल. जालिंदर बाकावर बसून बघत होता. एकदा हाक वाजली तेव्हा त्याचे ओठ हलल्यासारखे वाटले. मला भीती वाटली, आणि त्या भीतीचा रागही आला. "चार दिवस बंद ठेव हे," मी म्हटलं. तो "व्हय काका" म्हणाला आणि गेला. हाकेशिवाय मेंढरं गवतापर्यंत जाणार नव्हती, त्यामुळं तो बंद ठेवणार नाही हे मलाही ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं बानूबाई आली. पायऱ्या चढून आली आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाली, "भाऊ, तोड कुटं हाय?"

"कसली तोड?"

"हाकेची. म्या काल पयल्यांदा गेले त्याच्यासंगं. धन्याची हाक ऐकली. तोड आलीच न्हाई." तिनं जिभेनं टाळूवर तीनदा वाजवून दाखवलं. टॉक्, टॉक्, टॉक्.

मी काय केलं ते सांगितलं. ती खालीच बसली.

"भाऊ, हाक दिली की तोडावी लागती. आमच्यात शेंबड्या पोराला बी ठावं हाय, ह्योच शेरात ऱ्हाऊन इसरला. न्हाई तोडली तर येनारं येतच ऱ्हातं."

"किती मेंढरं झाली?"

"तिरसट हुती. काल सांजच्याला चौऱ्याहत्तर."

"दुसऱ्याच्या कळपातली असतील, बानूबाई."

"मे म्हयन्यात भिजून?" ती म्हणाली. "आन् कानाची खूण? आमची खूण डाव्या कानाला एक चीर. ह्या अकरांच्या उजव्या कानाला दोन हायेत. ती खूण माझ्या सासऱ्याची. चाळीस वर्सं झाली, ती कुनी केली न्हाई."

मी पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं नुसता हातात धरला.

"माझे धाकटे भावजी हुते, भिकू," ती म्हणाली. "मी नवी नवरी हुते तवा. उन्हाळ्यात धरनाच्या गाळातनं मेंढरं काढत हुते. धनी ह्या काठावर हुबं ऱ्हाऊन हाक देत हुते आन् भावजी त्यांना मागनं हाकत हुते. आत खड्डा हाय हे कुनाला ठावं? अकरा मेंढरं गेली आन् भावजी बी गेले. धन्याची वाचाच बसली. त्या दिसाची हाक तोडायची ऱ्हायली."

त्यानंतर सिद्धूनं कानाची खूण बदलली. आणि मरेपर्यंत एकही हाक तोडल्याशिवाय ठेवली नाही, पोराला जेवायला बोलावलं तरी मागून तीन टकटकी.

"कसे होते दिसायला?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"जालिंदर आन् ते, येकाला झाकावं आन् दुसऱ्याला काढावं. धनी म्हनायचे, पोरगं माझ्यावर न्हाई गेलं, भिकूवर गेलंय."

अकरा बुडाली होती आणि अकरा आली होती. मी आकडा जुळवत होतो ते तिला कळलं.

"मेंढरं म्होरं असत्यात भाऊ," ती म्हणाली. "मेंढका मागनं येतो."

बावीस वर्षांचं माझं शहाणपण त्या वेळी कुठं गेलं ते विचारू नका. बाई खोटं बोलत नव्हती आणि ती "ओ" मी माझ्या कानांनी ऐकली होती.

"तुम्ही तोडा मग."

"हाक ज्यानं दिली त्यानंच तोडायची. धनी तर गेले." तिनं तांब्या खाली ठेवला. "माझ्याकडं येवढं एकच हाय, भाऊ. मेंढरं जाऊ द्यात, जीप जाऊ द्या. पोरगं तेवढं ऱ्हाऊ द्या."

तेव्हा मला तो तुकडा आठवला. सिद्धूची हाक मी कापली होती, पण सिद्धूची तोड माझ्याकडं शाबूत होती. अकरा सेकंद. मी ती दुकानातल्या दुसऱ्या एका प्लेअरमध्ये भरली, दोनदा तपासली आणि शटर ओढलं.

माझ्या व्हॅनमधून आम्ही निघालो. वाटेत ती एकदाच बोलली. "पोरगं भाईर असंल तवाच तोडा. तोडली की जे जितं हाय ते तितं ऱ्हातं."

माले सोडल्यावर डांबरी रस्ता संपला आणि आम्ही धरणाच्या उघड्या पोटात उतरलो. दुपारचे दोन वाजले होते. भेगाळलेला गाळ, त्यापुढं हिरव्या गवताचा पट्टा, त्यापुढं पाणी. पाणी ओसरलं की जुन्या रस्त्याची एक दगडी मोरी तिथं वर येते, माणूस वाकून आरपार जाईल एवढी. तिचा निम्मा भाग पाण्यात होता.

जीप पाण्यापासून वीस पावलांवर उभी होती, इंजिन चालू, मागचं दार उघडं. सिद्धूची हाक वाजत होती.

मेंढरं गवत खात नव्हती. सगळी पाण्याकडं तोंड करून उभी होती. चौऱ्याहत्तर जनावरं आणि एकाचाही आवाज नाही.

जालिंदर जीपमध्ये नव्हता.

"त्यो बघा," बानूबाई म्हणाली.

तो पाण्यात होता. गुडघाभर पाण्यातून मोरीकडं चालला होता. निळा शर्ट, हात मोकळे सोडलेले. बानूबाईनं जीव तोडून हाक मारली, "जालिंदरऽऽ!" त्यानं मागं वळून बघितलं नाही.

मी जीपकडं धावलो आणि क्रम-बिम सगळं विसरून प्लेअरची वायर उपटली. स्पीकर बंद झाले.

हाक चालूच राहिली.

ती पाण्याकडून येत होती. तोच आवाज, तोच शेवटाला चढणारा सूर. थांबा आला. आणि त्या थांब्यात जालिंदरनं "ओ" दिली.

तो मोरीत शिरला आणि दिसेनासा झाला.

मी माझा प्लेअर काढला. आता क्रम चुकू नये म्हणून मी भिंतीवरची तांबडी अक्षरं मनात वाचली. गाडी चालू आहे. आवाज शून्यावर. वायर. टोक भोकात जाईना, दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा बसलं.

"थांबा भाऊ," बानूबाईनं माझा दंड धरला. "पोरगं भाईर येऊ द्या."

हाक. थांबा.

हाक. थांबा. आता "ओ" आली नाही.

मोरीच्या दुसऱ्या तोंडातून माणूस बाहेर आला. निळा शर्ट. जालिंदरची उंची, जालिंदरचे खांदे. तो वळून काठाकडं यायला लागला.

माझा जीव भांड्यात पडला. मी बटण दाबलं आणि आवाज वाढवत नेला. बानूबाई माझ्या कानाशी काहीतरी ओरडली, पण तोवर स्पीकर पूर्ण आवाजात बोलत होते.

टॉक्. टॉक्. टॉक्.

"ऱ्हावा आता."

पाण्यावरची हाक मध्येच थांबली, आणि एकदम सगळी मेंढरं ओरडायला लागली. किती बरं वाटलं तो कालवा ऐकून! मी खरोखर हसलो. तो माणूस काठावर आला आणि आमच्यापासून दहा पावलांवर थांबला. पाणी गुडघाभरच होतं, पण त्याच्या केसांतूनही धार लागली होती. मी म्हटलं, मोरीत पडला असेल.

"जालिंदर, बरा आहेस ना रे?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग जीपकडं बघितलं, आणि पाठ फिरवून चालायला लागला. मेंढरं त्याच्यामागं निघाली, न बोलावता. अकरा भिजलेलीही त्यांच्यातच होती. राहिली तर राहिली, मी मनात म्हटलं, पोरगं तर परत आलं. मी बानूबाईकडं वळलो. तिनं माझा दंड सोडला होता आणि ती मोरीकडं बघत होती. मोरीखाली पाणी स्थिर होतं. मग ती मेंढरांच्या मागून, लांब अंतर ठेवून, वस्तीकडं चालू लागली.

जीप तिथंच राहिली. मी इंजिन बंद केलं, किल्ली सीटखाली ठेवली आणि जालिंदरचा प्लेअर खिशात घालून आणला. पोराला धक्का बसलाय, चार दिवसांत येईल, असं मी धरून चाललो. त्याला फोन लावला की फोन बंद. गेल्या आठवड्यात मालेचं एक गिऱ्हाईक म्हणालं, जीप अजून तिथंच आहे.

आमच्याकडचा पाऊस मेंढरांना सोसत नाही. जूनच्या तोंडावर धनगर कळप घेऊन पूर्वेला, कमी पावसाच्या गावांकडं निघतात. परवा सकाळी पौडच्या रस्त्यावर कालवा ऐकू आला म्हणून मी बाहेर आलो. पुढं जालिंदर होता. धोतर नेसला होता, खांद्यावर घोंगडं. मागं कळप, आणि कळपाच्या मागं बानूबाई.

"अरे जालिंदर!" मी हाक मारली. "तुझा प्लेअर राहिलाय माझ्याकडं. आणि जीपचं काय?"

तो थांबला. मी प्लेअर त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं तो उलटा केला, सुलटा केला, नाकाशी नेऊन वास घेतला.

"ह्ये काय हाय?" त्यानं विचारलं.

मी हसायचा प्रयत्न केला. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. खरंच जाणून घ्यायचं होतं त्याला. त्याच्या अंगाला गाळाचा वास येत होता.

तेवढ्यात कळपातून वाट काढत बानूबाई जवळ आली. महिनाभरात दहा वर्षांनी म्हातारी झाली होती. माझ्याकडं तिनं बघितलं, आणि त्या नजरेत माझ्याबद्दल राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मग तिनं खांद्यावर घसरलेला पदर उचलून डोक्यावर घेतला, कपाळापर्यंत ओढला आणि नजर खाली वळवली.

"भावजी," ती म्हणाली, "चला. उशीर हुतुया."

"ओ," तो म्हणाला.